कुंकवानं माखलेली डबी

बोला, रामकृष्णहरी! — अहो, जरा मोकळ्या गळ्यानं! जेवण झालंय का अजून व्हायचंय?

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. जपणं कशाला म्हणायचं? समोर बघा, या देवळात पोथी आहे. लाल फडकं, वर बुक्का, वर फूल. रोज नमस्कार! भगवानराव, ते फडकं शेवटचं कधी सोडलं? — बघा, भगवानराव छताकडं बघायला लागले!

हसू नका. ऐका आता, हसणं आपोआप थांबेल.

वाघजाईवाडीत गजाभाऊ तोडकर म्हणून एक गृहस्थ. विहिरीवरच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. हाताला गुण असा, की जळालेली मोटार दुसऱ्या दिवशी पाणी फेकायची! गिऱ्हाइकाला एकच बोलणं — "बाबा, मोटार बंद ठेवू नको. पाऊसकाळातसुद्धा अधूनमधून फिरव. नाहीतर बसल्या जागी जाम होईल." लक्षात ठेवा हं हे वाक्य!

बायको मालनबाई. गळा असा गोड, की पंचक्रोशीत लग्न असलं की मंगलाष्टका म्हणायला तिलाच बोलावणं! आणि त्या मालनबाईला पोटाचा आजार झाला. डॉक्टर म्हणाले, दिवाळी दिसेल, संक्रांत दिसणार नाही. लेक शीतल तेव्हा चौदा वर्षांची. आईनं काय केलं? शीतलच्या लग्नाच्या मंगलाष्टका स्वतः रचल्या! गजाभाऊ दुकानात, शीतल शाळेत असताना भावाला बोलावलं, अंथरुणात उठून बसली, म्हटल्या. भावानं ते सगळं एका हार्डडिस्कमध्ये भरलं, "दाजी, यात मंगलाष्टका आहेत, ऐका" एवढं सांगितलं. तळहाताएवढी काळी डबी असते, वायर जोडली की आतलं दिसतं, ऐकू येतं. दुसरी प्रत? कुणाला सुचलंच नाही हो!

मालनबाई गेली. गजाभाऊंनी डबी उचलली आणि कुठं ठेवली? देव्हाऱ्यात! रेशमी फडक्यात, वर रोज एक फूल. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो ना? पाना, हातोडी, पक्कड मांडायची, आणि मधोमध ही डबी, उघडी. फुलानं पाणी शिंपडायचं, हळद वाहायची, कुंकू वाहायचं. नऊ वर्षं! शीतल म्हणायची, "अण्णा, एकदा ऐकू द्या ना आईचा आवाज." अण्णा म्हणायचे, "लग्नात ऐकायचा. ते देवाचं आहे, हात लावू नको." खरं सांगू का मंडळी? देवाचं नव्हतं ते. त्या माणसाची ऐकायची छाती होत नव्हती!

शीतलचं लग्न ठरलं. चार दिवस उरले. गजाभाऊंनी फडकं सोडलं, डबी लॅपटॉपला जोडली. टुंग! — दिसली! शीतल धावत आली. टुडुंग! — गेली! पुन्हा लावली, पुन्हा गेली. वायर बदलली. दुसऱ्या भोकात लावली. माणूस मोटारीतला, म्हणाला "व्होल्टेज पडतंय." दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. यायची आणि जायची! दारात येऊन पाऊल आत न टाकणाऱ्या पाहुण्यासारखं!

शेवटी बापलेक तालुक्याला गेले. तिथं रुबीना मुलाणी, कॉम्प्युटर दुरुस्त करणारी हुशार पोर. तिनं भिंग लावलं, वायर जोडायच्या फटीत ब्रश फिरवला. लाल भुगा पडला.

"काका, गंज चढलाय."

गजाभाऊंनी तो भुगा बोटावर घेतला. म्हणाले, "गंज नाही गं बाई. कुंकू आहे."

तिनं स्पिरिटनं सगळं पुसून काढलं. जोडली. आतून आवाज — टिक, टिक, टिक. रुबीना म्हणाली, "काका, आतली चकती फिरवणारी मोटार अडखळतीये. शेवटची कधी चालवली होती?"

मोटार, मंडळी! गजाभाऊ तोडकरला कुणी मोटारीचं विचारत होतं! माणूस खाली फरशीवर बसला. "नऊ वर्षं," म्हणाला. "मी जगाला सांगत फिरलो, आणि माझ्याच घरात..."

तीनदा कॉपी करून बघितली. तिन्ही वेळा मधेच तुटली. रुबीनाच्या डोळ्यांत पाणी. "काका, आता ही पुरती कॉपी होऊ देणार नाही. एखादं मिनिट चालली तर चालली. ऐकून घ्या."

लावलं. मालनबाईचा आवाज आला! कसा? मंगलाष्टका नाहीत. आधी खोकला. मग — "दादा, सुरू झालं का? ... अहो, ऐका. हे लग्नासाठी ठेवून देऊ नका. शीतलला आत्तापासून रोज ऐकवा. तिला पाठ होऊ दे, तिच्या तोंडून म्हणू दे. आणि ऐकताना रडलात तरी चालेल, पण बंद करू नका."

आणि सूर लागला —

*बाळे, ओल तुझ्या पदास असु दे या अंगणाची जरा...*

टिक. टिक. बंद!

मोबाईल तिघांच्या हातात होते हो! पण तो आवाज कानावर पडल्यावर मोबाईलवर टिपून घ्यायचं कुणाला सुचेल? पुढं डबी पुण्याला पाठवली. तिथूनही तशीच परत आली.

लग्न लागलं. भटजींनी मंगलाष्टका म्हटल्या. आणि अंतरपाटाआडून नवरीचा आवाज आला. तीच ओळ. ओळ संपली. शीतल थांबली. पुढचं तिला कुठं येत होतं? मग तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा म्हटली. आठ वेळा, मंडळी! आठव्या वेळी मांडवातल्या बायकाही तिच्याबरोबर म्हणत होत्या.

लोकांनी अक्षता टाकल्या. गजाभाऊंची मूठ मिटलेलीच. व्याही जवळ आले, हात धरून उघडला. अक्षता घामानं भिजून गेलेल्या, तळहात कुंकवानं लाल. गजाभाऊ म्हणाले, "ती रोज ऐकवा म्हणाली होती हो. आणि मी रोज फूल वाहिलं."

मंडळी, का बोलत नाही कुणी? मघाशी तर हसत होता! घरी म्हातारी आई एखादी गोष्ट सांगायला लागते, तेव्हा तुम्ही म्हणता, "हो गं, ऐकलीय, मग सांग." वर्षातून एकदा तिच्या पाया मात्र पडता! ते कुंकू वाहणंच झालं. पाया पडू नका म्हणत नाही मी. पण आज तिच्याजवळ बसा, आणि ती म्हणेल ते तोंडपाठ करा.

मृदंगबुवा, थांबा. आरतीचं ताट तसंच राहू दे. भगवानराव, उठा. ती पोथी इकडं आणा. — गाठ घट्ट बसलीय? बसणारच. घाई नाही आम्हाला, सगळे बसलोय. सोडा ती गाठ.