मारिनारा

(मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात, तपासणीच्या खोलीबाहेर.)

रोझाल्बा : आई, डॉक्टरीण काय म्हणाली, ऐकलंस ना? इंजेक्शन लागू पडलंय. बाबांचा श्वास नीट चाललाय.

फिलोमेना : ओठ निळे पडले होते गं ह्यांचे.

रोझाल्बा : मी गाडी लावून येईपर्यंत तुम्ही मागवूनही मोकळे. दोन मिनिटं थांबायचं होतं.

फिलोमेना : मेनूकार्डावर सगळं इंग्रजी. त्यात ह्यांना आपला इटालियन शब्द दिसला, मारिनारा. लहान मुलासारखे खूश झाले. म्हणाले, परदेशात घरचं जेवण मिळालं बघ. टोमॅटो, लसूण, तेल. त्यात काय बाधणार?

रोझाल्बा : अगं, ताटात कोळंबी दिसली नाही?

फिलोमेना : दिसेल कशी? बारीक चिरून सॉसमध्ये मुरवलेली. दुसऱ्या घासालाच घसा धरला. ह्यांना कोळंबीचं वावडं आहे हे सांगायचं तरी कशाला? मारिनारात ती असते कुठे?

रोझाल्बा : आमच्याकडे असते.

फिलोमेना : आमच्याकडे?

रोझाल्बा : म्हणजे... इथे.

विन्स : मावशी, मी विन्स. ते हॉटेल माझं. तुमच्या मागोमागच निघालो. माझं इटालियन मोडकंतोडकं आहे, सांभाळून घ्या. काका कसे आहेत?

फिलोमेना : वाचले. काय घातलंत तुम्ही त्यांना?

विन्स : त्यांनी मागितलं तेच. नावाखाली लिहिलंयसुद्धा, कोळंबी आहे म्हणून.

फिलोमेना : इंग्रजीत.

विन्स : पण मारिनारा म्हणजे समुद्राचीच ना? इथे सगळे तशीच करतात.

फिलोमेना : समुद्राची नाही, खलाशाची. बोटीवर टिकायची म्हणून ते नाव. तिच्यात मासळीचा तुकडासुद्धा पडत नाही.

विन्स : नाव खलाशाचं, आणि...

फिलोमेना : खलाशाचं म्हणून काय खलाशी चिरून घालायचा?

रोझाल्बा : आई, पुरे.

फिलोमेना : तुमच्या घरात कुणी सांगितलं नाही हे? कुठले तुमचे लोक?

विन्स : आजोबा तोर्रे देल ग्रेकोचे.

फिलोमेना : आमच्या गावचे? आणि त्यांनी हे शिकवलं?

विन्स : नाही. ते गोदीत कामाला होते. आजी इथलीच, घरात इथलंच शिजायचं. हॉटेल वडिलांनी काढलं, तेही इथल्याच आचाऱ्यांकडून शिकून. मारिनारा म्हणजे कोळंबी, शिंपले. मला दुसरी माहीतच नाही.

रोझाल्बा : असू दे, विन्स. तुमची काही चूक नाही.

विन्स : थांबा जरा... ताई, आजोबा अगदी शेवटी मारिनारा मागत होते. सारखी तेवढीच. वडिलांनी बाजारातली सगळ्यात ताजी कोळंबी आणून केली. त्यांनी एक घास घेतला न् ताट सरकवलं. म्हणाले, ही नाही. पुन्हा केली, तर पुन्हा तेच, ही नाही. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय.

फिलोमेना : शुद्धीवर होते रे ते.