ओर्नेल्लाचा दिवा

(जर्मनीतलं एर्लांगेन, दुपारचे चार. जेवणाच्या टेबलावर छतातून लोंबणारा निळ्या काचेचा इटालियन दिवा.)

ईप्सिता : बाबा, मी विचारूच शकणार नाही अशी वर्गातल्या स्पृहा-वैभवीने पैज लावलीय, म्हणून विचारते. हा दिवा तू वायर जोडायच्या आधीच लागला होता ना?

बाबा : कोणी सांगितलं?

ईप्सिता : आईने, स्पृहाच्या आईला. म्हणजे अख्ख्या एर्लांगेनला.

आई : मी एवढंच म्हटलं, की इथे लोक घर सोडताना दिवेसुद्धा उतरवून नेतात. आपल्याकडे सगळ्या खोल्यांत नुसत्या वायरी लोंबत होत्या, आणि हा एकटा हुकावर राहिलेला.

बाबा : चार्ज उरला असेल कुठेतरी.

आई : कुठे, इंजिनिअरसाहेब? तूच उघडून बघितलास. आत एक बल्ब आणि दोन वायरी.

बाबा : म्हणून तर देऊन टाकतोय. पाचला माझा मित्र कपिल येतोय रेगेन्सबर्गहून न्यायला. विषय संपला.

ईप्सिता : आल्झो... म्हणजे, नाही संपला. उद्या वर्गात मला हा दिवा बनवणाऱ्या कंपनीच्याच इतिहासावर बोलायचंय. वेबसाइटवर फक्त दोन भावांची नावं आहेत. मी तिथल्या एका जुन्या कारागिराला मेल केला. तो म्हणतो, भाऊ विकायचे, डिझाइन बहीण करायची. ओर्नेल्ला.

आई : मग तिचं नाव कुठे गेलं?

ईप्सिता : त्यांच्या कारखान्यात रिवाज होता. नवा दिवा ज्याने डिझाइन केला, त्यानेच तो पहिल्यांदा लावायचा, स्वतःचं नाव मोठ्याने घेऊन. हा निळा दिवा भावांनी लावला, आपली नावं घेऊन. त्याच दिवशी ती हा पहिला नग उचलून निघाली, ती थेट जर्मनीत. बाबा, तू बेलवरची जुनी नावाची पट्टी काढलीस, त्यावर काय होतं?

बाबा : ओ... ओर्नेल्ला काहीतरी.

आई : सुधीर, बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर म्हणाला होता, आधीची म्हातारी इथेच गेली. खिडकीकडच्या खुर्चीत, दिव्याकडे बघत.

बाबा : आणि हे तू मला सहा वर्षांनी सांगतेस?

आई : तू घर घेतलं नसतंस.

ईप्सिता : मेन स्विच मी मघाशीच बंद केलाय. फ्रिजही बंद आहे, ऐका. आता मी तिचं नाव घेते. ओर्नेल्ला.

आई : अगं, लागला! दिवा लागला!

बाबा : ईपू, मागे हो.

ईप्सिता : नाही बाबा. कपिलकाकाला कळव, दिवा कुठेही जाणार नाही. उद्या वर्गात मी तिच्याच नावाने सुरुवात करणार. आणि खिडकीकडच्या खुर्चीत आजपासून आपल्यापैकी कोणी बसायचं नाही. मी ठरवलंय.