नागमोडी गाजरं

नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू मॅडम, त्याचा एक पाय लुळा आहे — इथं बसा, पिंपाजवळ. पोरांचा वजनकाटा ठेवा कोपऱ्यात. हां, काय विचारलंत? पोरं भाजी खातात का? अहो, वर्षभर मी तेच सांगत फिरले — खातात, ताटं लख्ख परत येतात! या खिडकीतून ताटं आत येतात, उरलंसुरलं या बादलीत. पूर्वी रोज तीन बादल्या भरायच्या. मी तळण बंद केलं, साखर निम्म्यावर आणली, तर पहिले पंधरा दिवस पाच बादल्या! पोरं अशी बघायची, जशी काय मी त्यांची सावत्र आई. आणि मग एकदम अर्धी बादली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर मला फुलं दिली. बावीस वर्षांत या स्वयंपाकघरात कुणी फूल घेऊन आलं नव्हतं हो. मी रडले चक्क.

आणि तुम्ही म्हणता, पोरांची वजनं वाढलीत. खरं सांगू? मागच्या महिन्यात मला वाटलं, तुमचा काटाच बिघडलाय. तसं मी चार लोकांत बोललेही — माफ करा.

हे सगळं केलं कुणासाठी? भाचीसाठी. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची, याच शाळेत. एक जिना चढली की कठडा धरून उभी राहते, छाती भात्यासारखी — "मावशी, थांब ना गं." डॉक्टर तिच्या वजनावरून बहिणीला बोलले, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली, ताई, तूच काहीतरी कर. केलं ना मी! पदरचे पैसे घालून नागमोडी सुरी आणली. गाजर असं लाटालाटांचं कापलं की पोरं हात लावतात — साधं कापलं तर बघत नाहीत.

बहिणीची गाडी आहे, शाळेच्या मागच्या फाटकाशी — बटाट्याचे काप तळते. घरी कोंबड्याही आहेत. दर शनिवारी मला सहा अंडी ठरलेली. हल्ली बलक इतका केशरी, इतका केशरी — मी विचारलं, काय घालतेस गं यांना? म्हणाली, प्रेम. प्रेम! मी आपली कौतुकाने खातेय.

परवाच्या शनिवारी ती आंघोळीला गेलेली, म्हटलं आपणच काढावीत अंडी. खुराड्यात वाकले — आणि समोर माझं गाजर! नागमोडी! वाटाणे, फरसबी, शुक्रवारचा अख्खा बेत त्या कोंबड्यांच्या पायाखाली. तेव्हा उलगडा झाला, बाकीचं मग तिच्याच तोंडून वदवून घेतलं. पोरं ताटातली भाजी दप्तरातल्या डब्यात भरून फाटकाशी न्यायची, ही बया ती कोंबड्यांसाठी ओतून घ्यायची आणि त्याच डब्यात गरमागरम काप भरून द्यायची. आणि रांगेत कोण? तिचीच लेक! केसाने गळा कापला हो माझा. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला मी कडेवर घेऊन वाढवलीय.

मी ओरडले, तर ओल्या केसांनी उभी राहून म्हणते कशी — "ताई, तेल तर तूच दिलंस." आता काय सांगायचं? इथलं तळण बंद झालं, कोठीत सहा डबे तेल पडून, खवट होण्याआधी कुणाच्या तरी कामी यावं, घरचीच आहे, म्हणून मी —

काय लिहिताय? नाही, ते नका लिहू. मी बहिणीचं सांगत होते, माझं नाही.

...बरं, लिहा. लिहिलंत ना? मग उठा आता, घंटा झाली. काटा उचला, पोरं येतील. रांगेत पहिली तीच असते — भाची. आणि जाताना ती खिडकी लावून घ्या, मॅडम. आज मला कुणाचं ताट बघायचं नाही.