जळकोटच्या पुढं पाच मिनिटं

महेश्वरी : ...आणि जिने चढायचे नाहीत, फलाट शोधायचा नाही. आधी सोलापूरपर्यंत एसटी, मग ओझी घेऊन रेल्वे, कशाला ते? उमरग्याला बसलीस की थेट पुण्यात उतरायचं.

गिरिजाबाई : चांगलीच हाय की बस. मी कुठं काय म्हटलं?

महेश्वरी : तू बसल्यापासून काहीच म्हटलं नाहीस. तेच सांगतेय.

गिरिजाबाई : तूच बोलायलीस की मघापासनं. लेक हायस का बसवाल्याची एजंट?

महेश्वरी : बरं, हे दाबलं की पाठ मागं जाते. टेक जरा.

गिरिजाबाई : नको. मागल्या बाईच्या गुडघ्याला लागंल.

महेश्वरी : सगळेच करतात गं, अव्वा.

गिरिजाबाई : करू दे. मी ताठ बरी.

महेश्वरी : मग खाऊन तरी घे. साडेनऊ झाले. डबा कुठल्या पिशवीत आहे?

गिरिजाबाई : खाते की. सोलापूर येऊ दे.

महेश्वरी : सोलापूरला अजून तास आहे. सहाची बस नऊला आली. गोळी कधी घेतलीस?

गिरिजाबाई : कंची?

महेश्वरी : साखरेची.

गिरिजाबाई : सहाला. तूच म्हटलीस ना, गोळी घिऊन ठेव, बस आली की खायचंच हाय.

महेश्वरी : अगं, गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायला हवं. साडेतीन तास झाले. चहा तरी घेतलास ना चौकात?

गिरिजाबाई : तू घेतलास.

महेश्वरी : तू म्हणालीस तुझा झालाय.

गिरिजाबाई : म्हटलं आसंल.

महेश्वरी : हात दाखव. दाखव म्हणते ना. थरथरतोय. एसीत घाम फुटलाय तुला. थांब, मशीन वरच्या बॅगेत आहे. बोट पुढं कर.

गिरिजाबाई : आता बसमधी सुई टोचतीस? लोक बघतेत.

महेश्वरी : बघू देत. एक थेंब फक्त. हं. चौसष्ट.

गिरिजाबाई : चांगलं हाय का वाईट?

महेश्वरी : वाईट. सत्तरच्या खाली जायला नको. दिवसाला दीडशे लोकांची साखर मोजते मी लॅबमध्ये आणि शेजारी बसलेली आई मला दिसत नाही! सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. साखर अशी वरखाली झाली तर डॉक्टर हात लावणार नाहीत. हे चॉकलेट घे. चघळ.

गिरिजाबाई : पूजा न्हाय झाली.

महेश्वरी : काय?

गिरिजाबाई : पूजा झाल्याबिगर तोंडात काय घालू? आठ वर्षांची होते तवा हे लिंग गळ्यात बांधलं. तवापासनं पूजेबिगर घास घातला न्हाय तोंडात.

महेश्वरी : मग घरून करून का नाही निघालीस?

गिरिजाबाई : चारला उठून अंघोळ केली. पाटावर बसले, तवर तू म्हटलीस, रिक्षा दारात उभी हाय, बसमधी कर.

महेश्वरी : पण नंतर तीन तास होतो की आपण चौकात. हॉटेलच्या बाकड्यावर बसून झाली असती.

गिरिजाबाई : तिथं गळ्याला हात लावला मी. तू म्हटलीस, ‘अव्वा, इथं नको काढूस.’

महेश्वरी : ट्रक जात होते. धूळ होती. म्हणून म्हणाले असेन.

गिरिजाबाई : आसंल.

महेश्वरी : बरं, आता कर. इथंच. लगेच.

गिरिजाबाई : नको.

महेश्वरी : का?

गिरिजाबाई : बस हिसके देतीय. तळहातावरनं लिंग खाली पडलं तर? माझ्या सासूबाईचं एकदा उंबऱ्यात पडलं, तीन दिवस पाण्यावर होत्या बिचाऱ्या. आन माझा हात आधीच असा.

महेश्वरी : मी धरते तुझा हात.

गिरिजाबाई : आन लोक?

महेश्वरी : लोकांचं तुला कधीपासून पडलं? गेल्या वर्षी रेल्वेत डबा भरून माणसं होती. तू खुशाल मांडी घालून बसलीस, कपाळभर विभूती लावलीस...

गिरिजाबाई : व्हय. रेल्वेतच.

महेश्वरी : रेल्वेतच काय?

गिरिजाबाई : ऱ्हाऊ दे. खिडकीचा पडदा सार जरा, ऊन यायलंय.

महेश्वरी : अव्वा, रेल्वेतच काय?

गिरिजाबाई : तुझ्या लॅबच्या मॅडम चढल्या होत्या कुर्डुवाडीला. समोर येऊन बसल्या. हर्षाली मॅडम. माझी पूजा चाललेली. त्यांनी तुला इचारलं, ‘या तुमच्यासोबत आहेत का?’

महेश्वरी : तू ऐकलंस.

गिरिजाबाई : पूजेत डोळे लिंगाकडं असतेत. कान कुठं जातेत?

महेश्वरी : मी म्हणाले...

गिरिजाबाई : परत म्हणू नगंस.

महेश्वरी : नाही, म्हणू दे मला. मी म्हणाले, ‘नाही, सोलापूरला चढल्यात. ओळख नाही.’

गिरिजाबाई : आन हसलीस. मॅडम न्हाय हसल्या.

महेश्वरी : हो. मी हसले. मग तुझी पूजा झाली. तू आधी त्यांना खडीसाखर दिलीस, नंतर मला. म्हणालीस, ‘घ्या ताई.’ वर्षभर मी स्वतःला समजावते आहे, ते तू सहज म्हणालीस. दोघींना मिळून म्हणालीस.

गिरिजाबाई : मी लेक म्हणून हाक मारली असती तर तू खोटी पडली असतीस त्यांच्यापुढं. म्हणून सांभाळून घेतलं. पुणं येईस्तवर तुझ्याकडं बघितलं न्हाय. तहान लई लागली होती, बाटली तुझ्याजवळ होती. मागितली न्हाय.

महेश्वरी : ते मला माहीत नव्हतं.

गिरिजाबाई : कसं असंल? तू मॅडमशी बोलत होतीस.

महेश्वरी : घरी गेल्यावर तरी बोलायचंस. चार शिव्या द्यायच्यास.

गिरिजाबाई : घरी गेल्यावर तू माझ्या पायाला तेल लावलंस. कधी लावत न्हायस. मग मला कळलं, तुला कळलंय. आनखी काय बोलायचं?

महेश्वरी : बस इथंच. उठू नकोस. मी ड्रायव्हरला बस थांबवायला सांगते.

गिरिजाबाई : माझ्यापायी? अगं, तीस माणसं हायती बसमधी. महेश्वरी! ए पोरी!

महेश्वरी : दादा, बस जरा बाजूला घ्या. पाच मिनिटं.

महारुद्र : ताई, हॉटेल नळदुर्गच्या पुढं हाय. अर्ध्या तासात पोचवतो. आधीच तीन घंटे लेट हाय गाडी. उलटी होती का? पिशवी हाय बघा तिकडं.

महेश्वरी : उलटी नाही. आईची साखर खाली गेली आहे.

महारुद्र : मग साखर द्या की! माझ्याकडं गुळाची चिक्की हाय, घ्या. अख्खी न्या.

महेश्वरी : ती खात नाही.

महारुद्र : का बरं?

महेश्वरी : पूजा राहिली आहे.

महारुद्र : काय म्हटलात? मोठ्यानं बोला ताई, इथं इंजिनपुढं काय ऐकू येत न्हाय.

महेश्वरी : माझी आई लिंगाची पूजा झाल्याशिवाय खात नाही! चालत्या बसमध्ये हातावर लिंग धरता येत नाही! सकाळी मीच करू दिली नाही, चूक माझी आहे. आता थांबवा!

महारुद्र : अहो, लई जोरात बोललात. पार मागल्या सीटपर्यंत गेलं.

महेश्वरी : जाऊ दे.

महारुद्र : आमच्या येणेगूरलाबी हायती अशा म्हाताऱ्या. एक गेली, पर पूजेबिगर घोट घेतला न्हाय. तसलं माझ्या गाडीत नको. जळकोट मागं गेलं, आता पुढं कडंला जागा हाय. पाच म्हणजे पाच हां, ताई. ओ पाव्हणं, तुमी कुठं उठलात? बिडीसाठी न्हाय थांबलेली गाडी, बसा खाली!

(बस रस्त्याच्या कडेला उभी राहते. इंजिन बंद.)

महेश्वरी : आता हलत नाही. विभूती कुठं आहे?

गिरिजाबाई : माझ्या पिशवीच्या कडच्या खिशात. आन पाणी दे थोडं. एवढं नको, पळीभर.

महेश्वरी : डावा हात इकडं दे. मी खालून आधार देते.

गिरिजाबाई : दाबू नगंस. नुसता ठिव. आता बोलायचं न्हाय.

महारुद्र : ओ भाऊ, मोबाइल खाली ठिवा. शूटिंग करायला काय लगीन हाय का? ...झालं का हो, अक्का?

गिरिजाबाई : झालं, बाबा. सुखी ऱ्हा. चल आता.

महेश्वरी : आधी हे चॉकलेट. पूर्ण खा. हं. आता भाकरी सोडते. वर काय आहे, शेंगांची चटणी?

गिरिजाबाई : आन दही हाय डबीत. सांडू नगंस, नवी सीट हाय त्यांची.

महेश्वरी : हळू खा. पंधरा मिनिटांनी परत बोट टोचणार आहे.

गिरिजाबाई : टोच की. तुला तेवढंच येतंय.

महेश्वरी : हसलीस एकदाची.

गिरिजाबाई : तूबी खा. सकाळपासनं चहावर हायस.

महेश्वरी : अव्वा, येताना आपण रेल्वेनं येऊ. मी आजच तिकीट काढते, खिडकीचं. तुला रेल्वे आवडते.

गिरिजाबाई : नको.

महेश्वरी : अगं, बसमध्ये दम कोंडतो म्हणायचीस. रेल्वेत चार माणसं बोलायला भेटतात म्हणायचीस.

गिरिजाबाई : म्हणायचे. पर आता बसच बरी. रेल्वेत माणसं समोरासमोर बसतेत. तोंडाकडं बघतेत, इचारतेत, कुठल्या तुमी, कोण ही तुमची. हितं नुसत्या पाठी. तुला कुणी काय इचारत न्हाय.

महेश्वरी : विचारलं तर सांगेन मी. आत्ता सांगितलं ना सगळ्यांसमोर? ओरडून सांगितलं.

गिरिजाबाई : सांगितलंस. ऐकलं मी. बरं वाटलं.

महेश्वरी : मग?

गिरिजाबाई : ह्यातलं कुणी तुझ्या वळखीचं न्हवतं, पोरी. भाकरी घे.