रिकाम्या गावातलं मत

— नाय, असं नाय सांगणार. आधी तू शेवट ओळख. ओळखलास तर मागीलदारच्या माडाची सगळी आडसरं तुझी, नाय ओळखलास तर उद्या येताना पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव आणायचे माझ्यासाठी, गरम. कबूल? बरं, मग सांग — राज्य झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत आमच्याकडे पडला कोण? … बघ, उमेदवाराचं नाव घेतलंस! सगळी कॉलेजातली पोरं तेच करतात. "आजोबा, मतदारसंघाचा इतिहास सांगा" म्हणतात, मी म्हणतो, कोण पडला ओळखा, आणि तुमची नजर लगेच उमेदवारावर. — अगो, त्या कदेरीवर नको बसू, तिचा एक पाय माझ्यासारखा लबाड आहे. बांकावर बस. आणि ते यंत्र चालू केलंस काय? त्यात हे भरतंय काय — मराठी की कोंकणी? नाय माहीत? मला पण नाय. आणि एवढ्यावरून आमच्या गावात सख्खे भाऊ एकमेकांच्या बारशाला जायचे बंद झाले.

इतिहास म्हणशील तर फिरंगी गेले आणि पेट्या आल्या. पहिल्या खेपेला म्हाताऱ्या बायका पेटीला हात जोडायच्या, एकीने तर जास्वंद वाहिली वर. मग ते मोठं मतदान — फूल की दोन पानं. फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं, पानं म्हणजे वेगळं राहायचं. आमचा गाव झाडून फुलाकडे, आणि गोव्यात जिंकली पानं. गाव सुतकात बसला. मी? मी विड्याची दोन पानं दोन कानांत खोवून देवळाला प्रदक्षिणा घातली — मग खाल्ला मार, काय! पुढे भाषेचं आलं. दिवसभर मराठीसाठी घोषणा द्यायच्या आणि घरी येऊन ह्याच आपल्या बोलीत "पेज वाढ गो" म्हणायचं. मग राज्य झालं, मतदारसंघ नव्याने कापले, फणस कापतात तसे — चीक कोणाच्या हाताला लागला तो अजून जात नाय. तो चीक सांगतो तुला, बाकीचं तुझ्या पुस्तकात असेल.

आता तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, मत ज्याचं त्याचं. आमच्याकडे मत बाबुरावाचं. बाबुराव म्हणजे देवळाचा मानकरी — देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा तोच, आणि मतदानाच्या आधी घरोघर फिरून चिन्हावर बोट ठेवून "हांगा मार" म्हणायचा पण तोच. देव आणि सरकार दोन्ही त्याच्याच खिशात. देवकी त्याची बायको. माझी शेजारीण — मधे एक गडगा, कमरेएवढा, त्याचे पण दोन दगड पडलेले. तुझ्यासारखी बोलकी नाय हां ती. घरात दहा माणसं जेवायची, सासरा, दीर, गडी, पोरं, मग जावा, आणि सगळ्यांचं झालं की टोपाच्या बुडाला लागलेलं ते हिचं. हे मला कसं माहीत? अगो, गडगा कमरेएवढा. डोळे त्याच्या वर असतात.

आणि मी त्या निवडणुकीत उभा. हस, हस! दशावतारात मी संकासूर करायचो — काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ, आणि काम काय, तर समोर बसलेल्याची उणीदुणी काढायची. कंपनीतली माणसं म्हणाली, हे सगळे उभे राहतात, तू का नाय? राहिलो. अर्ज मास्तराने भरला, मला नुसती सही येते, बाकी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. चिन्ह मिळालं शिडी. नाटकाच्या आधी बुरखा घालून सभा घ्यायचो — "माका निवडून द्या, भाषेचो वाद मिटवतां, आमदारान थंय नुसती शिट्टी मारायची! चोपड्याच्या न्हंयवर पूल बांधतां, पण आडवो न्हय, उभो — पुढारी एकदाच वयर जातीत!" लोक पोट धरून लोळायचे. आणि मग शेवटचं — "कायदो करतां! घरात बायलमाणसांनी आदीं जेवचां. दादल्यांनी मागसून, उरात तां!" तेव्हा तर काय विचारू नको, बाबुराव पण पुढे बसून हसला, दात दिसले त्याचे. संकासुराचं काम असतं, जो हसत नाय त्याला हेरायचं, त्याला धरून हसवायचं. मी बुरख्याच्या भोकातून हेरलं. मांडवाच्या खांबाला टेकून देवकी उभी — हसत नव्हती. ऐकत होती. लग्नाचा मुहूर्त ऐकतात ना, तशी. मी तिला धरलं नाय. का नाय धरलं … असो. पुढे ऐक.

आमच्या गावची एक रीत आहे, गावपळण म्हणतात. पुष्कळ वर्षांनी एकदा देव कौल देतो, की आता तीन दिवस गाव सोडा. त्या दिवसांत गावात देवाचे गण फिरतात, आपण नाय थांबायचं. माणूस, गुरं, कोंबडी, कुत्रं, सगळं शिवेबाहेर सड्यावर, वरच्या कातळमाळावर जाऊन राहायचं, चुलीत निखारा ठेवायचा नाय, आणि काय वाटेल ते होवो, शीव ओलांडून परत आत जायचं नाय. तर त्या वर्षी कौल पडला — आणि मधला दिवस मतदानाचा! मामलेदार म्हणाला, देवाला तारीख बदलायला सांगा. बाबुराव म्हणाला, सरकारला सांगा. दोघं पण हट्टी, बदलली कोणीच नाय. बूथ शाळेत, शाळा गावात. सरकारची माणसं पेटी घेऊन आली आणि रिकाम्या गावात बसून राहिली, भुंकायला कुत्रं नाय. आम्ही वर सड्यावर भात शिजवतोय. मी उमेदवार, पण माझं मत मलाच नाय — देवापुढे कसली शिडी लावतोस? कोणच गेलं नाय.

देवकी गेली. लाकडं बघते म्हणाली आणि उतरली खाली. शिरगावची लेक ती — लईराईच्या जत्रेत होमाच्या निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडाची, म्हणजे देवीच्या व्रतकऱ्याची. बापाने विस्तव ओलांडला, हिने शीव ओलांडली. तिथलं मला बाबलीने सांगितलं, पोलीस होता, त्या दिवशी बूथवर त्याची ड्यूटी, वारला आता. म्हणाला, साहेब लोक पेंगत होते, आणि दारात बाई, अनवाणी, डोक्यावर पदर. सगळे ताडकन उठून उभे राहिले. उठून उभे, बाये! तिच्यासाठी त्याआधी कोण उठला असेल? तिच्या बोटाला शाई लावली, हातात कागद दिला, तेव्हा तिने एवढंच विचारलं — "कोणाक कळतलां?" साहेब म्हणाला, "निर्धास्त राहा बाई. तुमचं मत तुम्हाला आणि देवाला." खोटं नाय बोलला बिचारा, कायदाच तो. पाठीमागे बाबुराव नाय, बाजूला जाऊ नाय, "हांगा मार" म्हणायला कोण नाय — जन्मात पहिल्यांदा ती एकटी होती. आडोशामागे बराच वेळ उभी होती म्हणे. मग शिक्का मारला, कागद पेटीत टाकला, आणि जाताना साहेबाला नमस्कार करून गेली.

आता तू शिकलेली. सांग, कुठे चुकली? … अगो, मत गुप्त कशामुळे राहतं? कायद्यामुळे? गर्दीमुळे! ढिगात कोणाचा कागद कोण ओळखतो? इथे पेटीत कागद एकच. आणि गावात शाईचं बोट एकच.

बोट आधी दिसलं. तांदूळ धुताना जावेने बघितलं, सड्यावर बोंब झाली — शीव मोडली, देवकीने शीव मोडली. बाबुराव मतमोजणीला पार्टीचा माणूस म्हणून बसायचा होता, मनात म्हणाला असेल, मोडली ती मोडली, मत तरी आपल्यालाच असणार, देवापुढे नारळ ठेवू आणि मिटवू. आमची पेटी वेगळी उघडली. कागद उलगडला. शिडी. आणि तिथे बसलेली सगळी माणसं माझ्याकडे नाय, बाबुरावाकडे बघायला लागली.

देवळात सभा बसली. विचारलं तिला, कशाला गेलीस? देवकी उभी राहिली, खांबाला न टेकता, आणि म्हणाली, "ह्यो सांगता, बायलमाणसांनी आदीं जेवचां. माका तां पटलां." एवढंच. आणि देऊळ हसलं गो — असं हसलं, की माझ्या कुठल्या नाटकाला हसलं नव्हतं. त्या हसण्यानेच घात केला. शिव्या दिल्या असत्या तर निभावलं असतं. पण एवढ्याशा घासासाठी कोण देवाची शीव मोडतं? म्हणजे आत दुसरं काहीतरी असणार. संकासूर बिनलग्नाचा, आणि गडगा पडका. मी उठलो, नारळावर हात ठेवला, म्हटलं, देवाची आण, आमच्यात काय नाय, ती खरं सांगतेय. जन्मात एकदा बुरख्याशिवाय बोललो — तर मागून कोण तरी ओरडलं, "संकासूर रंगात इलो रे!" आणि टाळ्या. पुरुष हसत होते. बायका हसल्या नाय. एक पण नाय. हे मला तेव्हा दिसलं नाय, बुरखा नव्हता ना, बुरख्यातून बरोबर दिसतं.

बाबुरावाने तिला घालवली नाय. मानकरी तो, घरातलं भांडण रस्त्यावर कसं आणणार? मागीलदारी, गडग्याला लागून एक चूल घालून दिली — तुझं तू रांध, तुझं तू जेव. तिच्या हातचं देवाला चालेना, मग घराला चालेना, मग पोरांना. गुरं तिनेच बघायची, शेण तिनेच काढायचं, ते चालायचं.

माझ्याशी? एकदाच बोलली. गडग्यापलीकडून, वर न बघता. "तो कायदो … निवडून इल्लंस जाल्यार खरोच करतलंस मरे?" — काय सांगणार मी? तूच सांग, काय सांगायचं होतं? "व्हय" म्हटलं. तिने मान हलवली आणि भात उतू जात होता तो उतरायला गेली. त्यानंतर बुरखा घातला नाय मी. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं कंपनीला.

ते यंत्र बंद कर. कर म्हणतो ना. केलंस? … तिच्या चुलीचा धूर वर आला, की मी हिकडे माझी पेज ओतायचो. गडग्याला पाठ लावून बसायचो. तिला दिसत नव्हतं. म्हणजे मला वाटतं, दिसत नव्हतं. भांड्याचा आवाज तरी पोचत असेल, नसेल … आता धूर येत नाय, दोन पावसाळे झाले. तू काय बघतेस माझ्याकडे? डोळ्यांत गेलं काहीतरी, म्हातारा माणूस आहे.

ऊठ आता. ऊठ, तुझी बस चुकेल, आणि उंडे बिंडे काय आणू नको, मी थट्टा केली. पुस्तकात लिहिशील तर लिही, उमेदवार शिडी, डिपॉझिट जप्त. ते पैसे काय, परत कमावता येतात. पण पडला तो मी नाय. देवकीच्या समोर बसून, त्या दिवसापासून ती जाईपर्यंत, कोणी एक घास खाल्ला नाय.