झाकण उघडण्यापूर्वी दोन शब्द

सन्माननीय अध्यक्ष मा तेसिक साहेब, सोलहून मुद्दाम आलेले संचालक, आजच्या सत्कारमूर्ती नो गुमओक बाई, आणि जुळणी विभागातल्या माझ्या भगिनी-बंधूंनो,

बाईंच्या निरोपाला बोलायचा मान मला, या प्यो बोंगसूला, मिळाला हे माझं भाग्य. पण खरं सांगू? माझं लक्ष बाईंपेक्षा टेबलावरच्या, नव्या फ्रिजातून काढलेल्या त्या डब्याकडे जास्त आहे. तुमचंही तिकडेच आहे, दिसतंय मला.

आपली 'दोलसेम' कंपनी कुठे सुरू झाली? बुसानच्या बाजारात, संस्थापक ओक साहेबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत. मग आपले टेपरेकॉर्डर शाळांच्या सहलींत वाजले. पुढे देशावर मंदी आली, अर्धा कारखाना रिकामा झाला, आणि आपल्याला तारलं ते आंबवलेल्या कोबीची किमची टिकवणाऱ्या फ्रिजने. तेव्हाच ओक साहेबांनी दंडक घातला. यंत्रं काय सांगायचं ते सांगोत, नव्या फ्रिजात कामगारांनी घातलेली किमची हिवाळा-उन्हाळा काढेल, मग माणूस ती चाखेल, आणि त्यानंतरच फ्रिज बाजारात जाईल.

तो माणूस म्हणजे नो बाई. त्या निकाल कधी समजावून सांगत नसत. किमची आंबट होणारच, पण पान दाताखाली करकरलं तर म्हणायच्या, "भात आणा." नाही करकरलं, तर मुकाट्याने झाकण लावायच्या. एकदा एका साहेबांनी गळ घातली की बाई, आणखी एक घास घेऊन बघा. बाई म्हणाल्या, "तुम्हीच घ्या ना. आणि घरी फ्रिजही हाच न्या." साहेबांनी घास घेतला नाही.

या वसंतात बाईंना ताप आला आणि जिभेची चव गेली, ती परत आलीच नाही. त्यांनी स्वतःहून अध्यक्षांना सांगितलं. मला म्हणाल्या, "बोंगसू, आता मला कोबी आणि वर्तमानपत्र सारखंच लागतं. तू चाख." मी विचारलं, चुकलो तर? म्हणाल्या, "चुकशील की. पण घाबरून चुकू नकोस."

कसं घाबरू नको? हा नवा फ्रिज येत्या हंगामात बाजारात गेला नाही तर ही जुळणी बंद होणार, हे संचालकांनी आपल्याला सांगितलंच आहे. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसलीय, तीही याच जुळणीवर काम करते. आणि ट्रक तर आधीच भरून फाटकाशी उभे आहेत. निकालाआधी भरलेले ट्रक मी पहिल्यांदाच पाहतोय, अध्यक्ष साहेब. माफ करा, तोंडून गेलं.

बरं, किती लांबवणार? उघडतो. रंग छान आहे. वासही चांगला आहे. घेतो घास.

पान मऊ पडलंय.

थांबा, तो कडेचा घास होता. मधला घेतो.

तोही मऊच.

असं पाहू नका हो माझ्याकडे. मला भात मागवायचाच होता. सकाळपासून मनात तेच दोन शब्द घोकत होतो. झाकण लावतोय, पण खटका बसत नाहीये. बाई, तुम्ही कशाला उठलात?

बसला. बाईंनी माझ्या हातावर हात दाबला, तेव्हा बसला.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि बाईंचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. चाखण्यात झालेलं नाही. आणि फाटकावरच्या चालकांना कुणीतरी सांगा, इंजिन बंद करा आणि आत या. जेवण तयार आहे.