सात नंबरची नळी

काकू: अगं, आधी टेक तरी. जिना चढून धापा टाकतेयस.

विद्यार्थिनी: टेकायला वेळ नाही, काकू. सव्वाचार झाले, पाचला त्या विद्यापीठाचे अर्ज बंद होतात. सहा महिने पाहुणी संशोधक म्हणून जायचंय. माझं सगळं भरून झालंय, सरांचं शिफारसपत्र तेवढं अडलंय. सर, त्यांचा मेल आठ दिवसांपूर्वीच आला असेल ना तुम्हाला?

सर: आलाय.

विद्यार्थिनी: मग?

सर: मग काय, वाचला. सोबत तुझा प्रस्तावही होता. चौथं पान दोनदा वाचलं.

काकू: तरीच आठवडाभर तोंड पाडून बसलेत! मला वाटलं, दाढ दुखतेय.

विद्यार्थिनी: सर, मी स्वतः येऊन सांगणार होते. तीन वेळा खालच्या फाटकापर्यंत आले.

सर: आणि?

विद्यार्थिनी: आणि परत गेले.

सर: शाब्बास. पंधरा वर्षं ओळखतेस मला. आणि माझा शोधनिबंध चुकीचा आहे, हे मला कळलं कुठून, तर परक्यांच्या मेलमधून.

विद्यार्थिनी: ‘चुकीचा’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

सर: तेच तर! ‘तांत्रिक कारणांमुळे नमुना क्रमांक सातची फेरतपासणी आवश्यक वाटते.’ कसली तांत्रिक कारणं? नळीला पडसं झालं होतं? निवडणारे काही दुधखुळे नसतात.

काकू: मला कळेल असं बोला कोणीतरी, नाहीतर मी आपली आत जाते.

विद्यार्थिनी: काकू, तळ्याच्या तळात नळी खुपसून गाळ काढतात. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. म्हणून नळी बाहेर आली की लगेच तिच्यावर बाण काढायचा. आमच्याकडे बाणाचं टोक म्हणजे वरची बाजू. सात नंबरच्या नळीवर बाण उलटा आहे.

काकू: म्हणजे तुम्ही ती उलटी वाचलीत?

विद्यार्थिनी: हो. आधी पूर आले, मग तळं आटलं, असं छापलं. खरं तर आधी आटलं होतं. गेल्या वर्षी सामानाची खोली हलवताना पाहिलं, तर आपण ‘खाली’ म्हटलेल्या टोकाला पाणवनस्पतींची न कुजलेली मुळं. दोन मीटर खोल गाळात ती कुठून येणार?

काकू: आणि ह्यांचं सगळं नाव त्याच निबंधावर.

सर: नावाचं राहू दे. मी विचारतो त्याचं उत्तर हवंय. बाण कोणी काढला होता?

विद्यार्थिनी: सर, घड्याळ बघा.

सर: बाण कोणी काढला?

विद्यार्थिनी: मी! मी काढला. माझी पहिलीच मोहीम होती. तुम्ही तापानं फणफणून तंबूत पडला होतात. नळी खुपसणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, नळी जिकडे गेली तिकडे बाण, म्हणजे खाली. त्यांची तीच पद्धत होती. मी मान डोलावली आणि काढला. झालं समाधान?

सर: मग हे का नाही लिहिलंस?

विद्यार्थिनी: कारण माझं हे शेवटचं वर्ष आहे! पीएचडीनंतर दहा वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, जूनमध्ये दहा भरतात. ‘घोळ मीच घातला’ म्हणणाऱ्या बाईला कोण बोलावेल? आणि गाळ मिलिमीटर-मिलिमीटरनं वाचणारं यंत्र त्यांच्याकडेच आहे. मी गेले नाही, तर ती नळी जन्मभर उलटीच राहणार. वर्गात अजून तोच निबंध शिकवतात, सर. मीच शिकवते. सात नंबर आला की फळ्याकडे तोंड करून बोलते.

काकू: चार सत्तावीस.

विद्यार्थिनी: पत्राचा मसुदा आणलाय. तुमचं नेहमीचंच ना, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ फक्त तुमच्या नावानं पाठवायचंय.

सर: बघू. ‘अत्यंत होतकरू, कष्टाळू, मनमिळाऊ.’ फाड हे.

विद्यार्थिनी: सर!

सर: हे पत्र मी पाठवणार नाही.

विद्यार्थिनी: म्हणजे तुमच्या निबंधाला हात लावला, त्याची ही शिक्षा. सरळ सांगा ना तसं! आठ दिवस झुलवत कशाला ठेवलंत?

काकू: ए, जरा जपून बोल.

विद्यार्थिनी: नाही काकू, खूप जपलं. येते मी.

सर: बस खाली. अगं, कपाटातली ती हिरवी वही आण. मोहिमेची.

(काकू वही आणून टेबलावर ठेवतात. एका पानाचा कोपरा आधीपासूनच दुमडलेला आहे.)

सर: वाच. सात नंबरसमोर काय लिहिलंय?

विद्यार्थिनी: ‘बाण तपासला.’ पुढे तुमची सही.

सर: तपासला नव्हता. ताप उतरल्यावर तंबूत बसून सगळ्या रकान्यांत ‘तपासला, तपासला’ लिहीत सुटलो. नळ्यांकडे फिरकलोसुद्धा नाही.

विद्यार्थिनी: हे पान दुमडलेलं आहे. तुम्हाला ठाऊक होतं?

सर: निवृत्त झालो तेव्हा वहीत मुकादमाची चिठ्ठी सापडली. ‘बाण खाली.’ तेव्हाच कळलं, आणि पान दुमडलं. सहा वर्षं झाली. तू तीनदाच फाटकापर्यंत आलीस, मी तुला सांगायला निघून रोज तिथूनच परत येत होतो.

काकू: सहा वर्षं! आणि मी बापडी दाढेवर विश्वास ठेवून बसले.

सर: कॉम्प्युटर लाव. मी सांगतो, तू टाइप कर. हिला हात लावू देऊ नकोस. लिही. ‘सातव्या नमुन्याची नोंद मी न तपासता तपासली म्हणून सही केली. त्यामुळे आमचा निष्कर्ष उलटा निघाला. बाण काढणारी मुलगी तेव्हा शिकाऊ होती. मी नव्हतो. चूक तिनं स्वतः शोधली. ती सुधारायलाही तिच्याइतकं योग्य माणूस मला माहीत नाही.’

विद्यार्थिनी: सर, हे गेलं तर लोक तुम्हाला काय म्हणतील!

सर: जे म्हणायला हवं ते.

विद्यार्थिनी: पण माझ्या प्रस्तावात ‘तांत्रिक कारणं’ आहेत. दोन्ही जुळणार नाहीत.

सर: पाचपर्यंत बदलता येतं ना? मग फोन काढ आणि चौथं पान नीट कर. ‘बाण मी काढला.’ तीन शब्द आहेत.

विद्यार्थिनी: नाही निवडलं तर?

सर: तर नाही निवडलं. उद्या वर्गात तरी मुलांकडे तोंड करून शिकवशील.

विद्यार्थिनी: उघडलंय चौथं पान. पण ते तीन शब्द लिहवत नाहीत.

काकू: लिही. मीही बडवतेय ना इथे? चार एक्कावन्न.

विद्यार्थिनी: लिहिलं. गेलं, सर.

काकू: पत्रही झालं. थांबा, शेवटी आणखी काहीतरी विचारतायत. ‘अर्जदाराशी आपलं नातं. मार्गदर्शक, सहकारी, इतर.’ मार्गदर्शक टाकते.

सर: नको. मार्गदर्शकानं बाण तपासला असता. सहकारी टाक.